चतुर्थीच्या आड आलेली बर्फी

शामलाबाई पांढरीपांड्यांनी उभी नोकरी वीजबिलाच्या तक्रारींच्या खिडकीवर काढली. समोरचा माणूस कितीही तणतणत आलेला असो, जाताना तो स्वतःच माफी मागून जायचा, असा त्यांचा लौकिक होता. साहेब लोकसुद्धा त्यांच्या टेबलाशी आवाज खाली आणत. नवरा श्रीधरराव बिचारे शेवटपर्यंत भाजीत मीठ कमी आहे असं म्हणू शकले नाहीत. आणि अशा बाईला आता, रिटायर होऊन नागपुरात त्रिमूर्तीनगरातल्या स्वतःच्या घरात पाय पसरून बसायच्या वयात, एक कुत्री सांगत होती की बाई, जेवा.

सांगत होती म्हणजे कसं, तर आधी समोर येऊन टक लावून बघायची. बाईंनी तोंड फिरवलं की त्या बाजूला जाऊन बघायची. मग मांडीवर पंजा ठेवायची. पंजा झटकला की दुसरा पंजा. तरीही बाई हलल्या नाहीत तर खुंटीवरची लाल पिशवी तोंडात धरून आणायची, ज्यात शुगर तपासायचं यंत्र आणि ग्लुकोजच्या गोळ्या असायच्या, आणि ती पिशवी मांडीवर टाकून भुंकायची. एकदा भुंकायला लागली की बाईंनी काही खाल्ल्याशिवाय थांबायची नाही. टीव्हीचा आवाज बंद करता येतो, शेजाऱ्याचं तोंड बंद करता येतं, मोबाईल तर नुसता पालथा घातला की झालं. या जनावराला बटणच नव्हतं.

तिचं नाव बर्फी. संत्रा बर्फीच्या रंगाची म्हणून बर्फी, असं तिला शिकवून तयार करणाऱ्या उन्नतीचं म्हणणं. म्हणजे डायबेटिस झाल्यापासून जो पदार्थ बाईंनी पाहुण्यांना डबे भरभरून दिला आणि स्वतः जिभेला लावला नाही, त्याच्या नावाने दिवसभर हाका मारायच्या. बाईंनी नाव बदलून ‘यमी’ ठेवून पाहिलं. कुत्रीने ढुंकूनही पाहिलं नाही.

बाईंची शुगर वाढण्याची कोणाला फारशी काळजी नव्हती, काळजी होती ती उतरण्याची. बाकीच्यांना शुगर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, माणूस सावध होतो. बाईंचं शरीर इतक्या वर्षांच्या इन्सुलिनने असं निगरगट्ट झालं होतं की ते आधी काही कळवतच नसे. एकदम डोकंच फिरायचं. इतवारीच्या बाजारात पुरणयंत्र घ्यायला म्हणून गेल्या आणि भांड्यांच्या दुकानात खाली बसून एक पातेलं छातीशी धरून डोलायला लागल्या. “हळू बोला, गौरांगला आत्ताच झोप लागली,” असं येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला बजावायला लागल्या. दुकानदार भला माणूस. त्याने साखर चारली आणि त्यांच्याच मोबाईलवरून मुलाला फोन लावला.

तो मुलगा म्हणजे गौरांग, पातेल्यात मावायचं वय कधीच मागे टाकून पुण्यात नोकरी करणारा. दुसऱ्याच दिवशी तो नागपुरात हजर. “आई, तू एकटी राहायची नाही आता. पुण्याला चल.”

“पुण्याला? जिथे पोह्यावर तर्री मिळत नाही तिथे जाऊन काय करू मी? तुझ्या बाल्कनीत बसून पार्किंग मोजू?”

गौरांगने आधी दंडाला चिकटवायचं यंत्र आणून पाहिलं. शुगर उतरली की ते वाजायचं. त्याच्या पट्टीने बाईंच्या कातडीवर फोड आले हे खरं, पण त्याचा आवाज बंद कसा करायचा हे त्या फोड यायच्या आधीच शिकल्या होत्या हेही तितकंच खरं. मग त्याने कुठून तरी उन्नतीला शोधून काढलं आणि शेवटचं सांगितलं: बर्फी नाहीतर पुणे. बर्फी असताना पुन्हा एकदा जरी आई अशी बरळताना सापडली, तरी घराला कुलूप. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि कुत्री पत्करली.

कुत्रीला शिकवायचं तर आधी बाईंचा वास हवा. शुगर उतरलेली असताना कापूस तोंडात धरून ओला करायचा, डबीत घालायचा आणि डबी फ्रीझरमध्ये ठेवायची. खवलेल्या नारळाशेजारी आपल्या थुंकीच्या डब्या बघून बाईंना शिसारी यायची. पण डब्या त्यांनी भराभर भरून दिल्या. उन्नती तर थक्कच झाली. “काकू, बाकी लोकांचे नमुने गोळा करता करता नाकी नऊ येतात माझ्या. तुमची शुगर बरी वेळेवर उतरून राहिली!”

ती वेळेवर का उतरायची, हे बाईंनी सांगितलं नाही. त्या कोणालाच सांगणार नव्हत्या, म्हणून इथे सांगायला हवं.

गौरांग नुकता चालायला लागला होता तेव्हा त्याला मेंदूज्वर झाला. दवाखान्याच्या पायरीवर बसून बाईंनी गणपतीला शब्द दिला होता की पोर हसतंखेळतं घरी येऊ दे, जन्मभर संकष्टी करीन, चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार नाही. पोर घरी आलं. गणपतीने आपला शब्द पाळला, आता पांढरीपांड्यांची बाई आपला मोडणार होती का? साबुदाणा नाही, फळ नाही, चहासुद्धा नाही. डायबेटिस मागाहून आला, त्याने आधी विचारायला हवं होतं. डॉक्टरांनी उपास बंद करा म्हटलं, बाईंनी मान डोलावली. गौरांगने आपल्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, तेव्हा बाईंनी मनातल्या मनात “एकादशीपुरती” असं जोडून घेतलं. चतुर्थीच्या सकाळी इन्सुलिन स्वतःच्या अंदाजाने निम्मं टोचायचं की झालं, असा त्यांचा हिशेब. तो दर वेळी चुकायचा, पण बाईंना ते कोण सांगणार?

इतक्या वर्षांत एकदाच त्यांची चतुर्थी दुसऱ्याने धरली. बाईंना टायफॉइड झाला होता. घरातल्या एकाचं व्रत दुसऱ्याने चालवलं तर चालतं, असं भटजींनी सांगितलं आणि ते श्रीधररावांच्या गळ्यात पडलं. दुपारपासून ते भुकेने असे करवादले की संध्याकाळी गच्चीवर उभं राहून चंद्रालाच झापायला लागले, “काहून उशीर करून राहिला बे?” गौरांग तेव्हा शाळकरी होता. बाप चंद्राशी भांडतोय हे बघून तो हसून हसून लोळला होता. बाईंना अंथरुणातून ते ऐकू आलं होतं आणि लाज वाटली होती.

तर ज्या डब्या भराभर भरल्या त्या सगळ्या चतुर्थीच्या दुपारच्या. कापूस तोंडात गेला तर उपास मोडतो का, यावरही बाईंनी स्वतःच निकाल दिला होता: गिळला नाही तर मोडत नाही. आपण कुत्रीला नेमकं काय शिकवून ठेवलं हे त्यांच्या लक्षात आलं ते बर्फी घरी आल्यानंतरच्या पहिल्याच चतुर्थीला. बर्फीला दुसरा कुठलाही वास इतका पाठ नव्हता. एरवी ती बाईंच्या पायाशी दिवसभर घोरायची, पण चतुर्थीची दुपार झाली की डोळ्यांत तेल घालून उभी. बाईंनी आपल्या हाताने आपल्यावर पहारा बसवून घेतला होता.

मग सुरू झाली लपाछपी. बाईंनी मानेला, कपाळाला, कानामागे डोकेदुखीचा बाम चोपडून पाहिला. बर्फीला शिंका आल्या, आणि शिंकता शिंकता तिने पंजा ठेवला. बाईंनी देवासमोर उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा पेटवला. घरात धूर कोंडून बाईंनाच खोकला झाला. पनीरचा तुकडा देऊन फितवायला गेल्या तर बर्फीने तो खाल्ला, ओठ चाटले आणि भुंकायला लागली. शेवटी दर चतुर्थीला एक चमचा साखर तोंडात टाकून तिला गप्प करायचं आणि नंतर देवापुढे नाक घासून माफी मागायची, अशी वेळ आली. ज्या बाईने साहेबांची माफी कधी मागितली नाही, ती आता कुत्रीच्या पायी गणपतीची माफी मागत होती.

भिंतीपलीकडच्या प्रयागबाईंना मात्र मजा वाटायची. त्यांच्या नवऱ्याची शेती मौद्याकडे, कारभार सगळा तिकडे, आणि या इथे नातवंडांच्या शाळेपायी अडकलेल्या. तोंडाला कुलूप नाही. “शामलाबाई, हे कुत्री नोहे वं. हे तुमची सासू होय, परत आली.”

“माझी सासू बरी होती,” बाई म्हणाल्या. “ती निदान दुपारी झोपायची.”

अशात अंगारकी आली. मंगळवारची चतुर्थी, वर्षभराच्या चतुर्थ्यांचं पुण्य एका दिवशी देणारी. बाईंनी ठरवलं, आज साखरेचा कणसुद्धा नाही. आज सगळ्या चुकलेल्या चतुर्थ्या भरून काढायच्या. बर्फीचा पहिला पंजा पडला तशी त्यांनी तिला पट्ट्याला धरून मागच्या वऱ्हांड्यात नेलं, दार लावलं, कडी घातली आणि अथर्वशीर्ष म्हणायला देवासमोर बसल्या.

बर्फी भुंकली. मग दार खरवडायला लागली. मग नुसतं भुंकणं राहिलं नाही, रडणंच सुरू झालं. बाई आवर्तनाचा आवाज चढवत गेल्या. गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांनी तिला साथ दिली. अर्धी कॉलनी खिडकीत आली. कितवं आवर्तन चाललंय हे बाईंना आठवेना, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

प्रयागबाई मागच्या फाटकातून आल्या. “काहून भुकून राह्यली वं माय हे? बाई! अवं शामलाबाई!” आतून उत्तर नाही. त्यांनी वऱ्हांड्याच्या दाराची कडी काढली तशी बर्फी त्यांना जवळजवळ पाडूनच आत घुसली.

बाई देवासमोर बसल्या होत्या. मांडीवर तक्क्या, आणि तक्क्याच्या पाठीवर हळूहळू थोपटणं चाललं होतं. प्रयागबाईंकडे बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं. “हळू. ताप उतरला आत्ताच. गौरांग झोपला.”

प्रयागबाई घाबरून जवळ आल्या. “बाई, गौरांग पुण्याले हाय नं. दाढीवाला झाला तो आता.” तेवढ्यात बर्फीने लाल पिशवी आणून प्रयागबाईंच्याच पायावर टाकली. गोळ्या कशा द्यायच्या ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाण्यात मूठभर साखर ढवळली आणि बाईंची हनुवटी धरून घोट घोट पाजली.

थोड्या वेळाने बाईंनी तक्क्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे, मग प्रयागबाईंच्या ओल्या पदराकडे. आपण काय प्यायलो ते कळायला त्यांना आणखी एक क्षण लागला.

“मोडलात? अंगारकीचा उपास मोडलात माझा?”

“उपास गेला खड्ड्यात! तुम्ही चालल्या होत्या वर!” प्रयागबाई पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडल्या. आणि बाई आणखी काही बोलायच्या आत त्यांनी गौरांगला व्हिडिओ कॉल लावला. “गौरांग, पाह्य गा तुई माय. पाह्य काय करून बसली हे.”

मोबाईलवर ऑफिसची काच आणि तिच्यापुढे गौरांगचा पांढराफटक पडलेला चेहरा दिसला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. “आई, बस झालं. आज काय आहे ते कॅलेंडरवर दिसून राहिलं मला. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती तू. मी रविवारी येऊन राहिलो. सामान बांध. घराला कुलूप लावू, बर्फीला उन्नतीकडे देऊ.”

“कुलूप लावणारा तू कोण?”

“मी कोण? फोन मला येतात आई! कोणी अनोळखी माणूस फोन करतो की तुमची आई पातेल्याशी बोलून राहिली. मीटिंगमध्ये मोबाईल वाजला की माझे हात गार पडतात. कोणासाठी करते तू हे उपास? कोणाला काय मिळतं त्यातून?”

आणि मग बाईंचा बांध फुटला. “तुझ्यासाठी रे गाढवा! तुझ्यासाठीच मरून राहिली मी! दवाखान्यात तू डोळे उघडत नव्हता तेव्हा कोण धावून आलं? तुझे डॉक्टर हात टेकून बसले होते. मी शब्द दिला होता. जन्मभराचा दिला होता. आता तू म्हणतो सोडून दे. आणि उद्या तुला काही झालं तर? मी कोणाच्या तोंडाकडे बघू? या कुत्रीच्या?”

प्रयागबाईंनी पदर तोंडाला लावला. मोबाईलवर गौरांगचे ओठ हलल्यासारखे झाले आणि त्याने फोन बंद केला.

उरलेला दिवस बाईंनी पलंगावर बसून काढला. प्रयागबाई केळं खायला लावून, दहादा बजावून गेल्या. बाईंच्या मनात आलं, देवघर पुण्याला न्यायचं कसं? कुंडीतल्या दूर्वांना पाणी कोण घालणार? उपासही गेला आणि घरही गेलं, एकाच दिवसात, एका पेल्यात. त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा संताप आला. बर्फी त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून पडली होती. “जा ना आता उन्नतीकडे,” बाई म्हणाल्या. “झालं ना तुझ्या मनासारखं?” पण पाऊल त्यांनी काढून घेतलं नाही.

दिवेलागणीला फोन वाजला. गौरांग.

“आई, चंद्र किती वाजता आहे?”

“तुला काय करायचंय चंद्राचं?”

“फोन ठेवल्यापासून काही खाल्लं नाही मी. पाणीच पिऊन राहिलो. डोकं भणभणून राहिलं.”

बाईंना आधी कळेचना. “काहून खाल्लं नाही?”

“तुझी चतुर्थी मी धरली. तुझ्या टायफॉइडमध्ये बाबांनी धरली होती नं? चालते म्हणाले होते भटजी. पण आई, सकाळी पोहे खाल्ले होते मी, त्याचं काय करायचं?”

“पोहे खाऊन उपास?” बाई किंचाळल्याच. “अंगारकीला? असा उपास असतो का कुठे? जन्मात कधी केला नाही आणि चालला मोठा व्रत धरायला!”

“मग पुढच्या वेळी शिकव. दर महिन्याला फोन करून शिकव. नागपुरात राहून शिकव.” तो थांबला. “सामान बांधू नको. पण चतुर्थी मला दे. पूर्णच देऊन टाक. शब्द तू दिला होता, पण जीव माझा वाचला होता नं? मग फेडायचं मी.”

बाईंनी फोन ठेवला. जन्मभराचा शब्द असा फोनवर देऊन टाकायचा? वरण गॅसवर ठेवताना, पोळ्या लाटताना, नैवेद्याचं ताट वाढताना त्या मनाशी भांडतच राहिल्या. याला भूक सहन होत नाही. लहानपणी दूध यायला उशीर झाला तर हा घर डोक्यावर घ्यायचा. हा काय चतुर्थ्या करणार?

चंद्रोदयाच्या वेळी त्या झाकलेलं ताट घेऊन गच्चीवर गेल्या, बर्फी मागोमाग. खामल्याच्या बाजूच्या इमारतींमागून तांबूस कड वर आली. बाईंनी अर्घ्य दिलं, हात जोडले, ताटापुढे बसल्या आणि फोन लावला.

“उगवला?” गौरांगचा आवाज खोल गेलेला.

“इथे उगवला. तुमच्याकडे अजून थोडा वेळ आहे. कॅलेंडरच्या मागे गावोगावची वेळ दिलेली असते, पुण्याची उशिराची आहे.”

“म्हणजे तुला दिसून राहिला तरी मी थांबायचं?”

“तुझा तुला दिसला पाहिजे. बिल्डिंगच्या वर जाऊन उभा राहा. पाणी पी.”

“आई, काहून उशीर करून राहिला हा?”

अगदी बापाचा आवाज. बाईंनी ताटावरचं झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं. तिकडे पोर उपाशी असताना इकडे घास कसा जाणार?

मांडीवर पंजा पडला.

“आता काय गं!” बाई वैतागल्या. बर्फीने टक लावून पाहिलं, दुसरा पंजा ठेवला आणि एकदाच भुंकली.

“काय म्हणते बर्फी?” पुण्याच्या कुठल्याशा गच्चीवरून गौरांगने विचारलं.

“काय म्हणणार? जेव म्हणते.”

“मग जेव नं आई. मी कोणासाठी उपाशी बसलो?”

शामलाबाईंनी झाकण काढलं, वरणभाताचा घास केला आणि तोंडात घातला. पुण्याचा चंद्र अजून यायचा होता.